डाव्या चाकाचे दोन नट

आमच्या सोसायटीच्या कमिटीची सभांची एक वही आहे, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात सात वर्षांपूर्वीचा एक ठराव आहे. तो असा : ‘पार्किंगमध्ये बाहेरील मेकॅनिकने हवेच्या गनने चाकाचे नट प्रमाणाबाहेर आवळल्यामुळे एका सभासदाच्या गाडीचे नुकसान झाले. सबब सदर मेकॅनिकला यापुढे सोसायटीच्या आवारात काम करण्यास मनाई करण्यात येत आहे.’ खाली पाच सह्या आहेत. तिसरी माझी. तो ‘एक सभासद’ही मीच.

त्या ठरावातली हवेची गन खोटी आहे. नट त्याने प्रमाणाबाहेर आवळले, हेही खोटं आहे. ते मी आवळले होते. हे मला माहीत होतं आणि त्याला माहीत होतं. बाकी कोणी विचारलं नाही, म्हणून सात वर्षं तसंच राहिलं. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. लिहिता येतंय तोवर लिहून ठेवतो.

मी इथल्याच एका कारखान्यात एकतीस वर्षं होतो. त्यातली शेवटची अठरा टॉर्क तपासणीत. टॉर्क म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचं माप. त्यासाठी वेगळा पाना असतो. ठरलेला जोर आला की तो ‘कट्’ असा आवाज करतो, तिथं थांबायचं. कमी आवळला तर नट सुटतो, जास्त आवळला तर आटे जातात, नाहीतर पुढे कधी तो उघडतच नाही. तपासून झालं की नटावरून खाली पत्र्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ मारायची. प्रत्येक तपासनिसाचा रंग वेगळा. माझा पिवळा. पुढे त्या गाडीचं काही झालं, तर रंग बघून माणूस शोधत यायचे. नव्या माणसांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, “मार्क म्हणजे सही. सही केल्यावर ‘मी नव्हतो’ म्हणायचं नाही.”

हे वाक्य ऐकलेल्यांत तो मेकॅनिकही होता. लातूरकडचा, कंत्राटावर आलेला. माझ्या हाताखाली सात महिने होता. कंत्राट संपलं तसा गेला. मी निवृत्त झाल्यावर काळेवाडीच्या एका गल्लीत, एका शटरच्या गॅरेजसमोर, ओळखीचा आवाज आला, “साहेब, तुम्ही हिकडं कुठं?” तेव्हा त्याच्याही कानावरचे केस पिकायला लागले होते. गॅरेज त्याचंच, भाड्याचं. दोन मुलींचा बाप झाला होता.

मीच त्याला सोसायटीत आणलं. दर रविवारी सकाळी तो मोटारसायकलवरून यायचा, पाठीला कॅनव्हासची पिशवी. पार्किंगमध्ये सतरंजी अंथरून गाड्यांची बारीकसारीक कामं करायचा. दहा-बारा गाड्या त्याच्याकडे लागल्या होत्या. गॅरेजपेक्षा आमचा रविवारच त्याला जास्त भरवशाचा वाटायचा, असं तो एकदा म्हणाला होता. पिशवीत टॉर्क पाना होता. “तुमच्यामुळं घेतला साहेब. आमच्या गल्लीत कुणाकडंच नाही. लोक हसतेत मला.”

हवेची गन त्याच्याकडे नव्हती. हवेच्या दाबाने नट फिरवणाऱ्या त्या गनला कॉम्प्रेसर लागतो. मोटारसायकलवरून कॉम्प्रेसर येत नाही. हे आमच्या पार्किंगमधल्या कोणत्याही माणसाला क्षणभर विचार केला असता तर कळलं असतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी त्याने माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलले. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होतो. चाकं बसवून त्याने टॉर्क पाना लावला. कट्, कट्, कट्, कट्. मग दुसऱ्या चाकाचे चार. मी मनात मोजले. आठही बरोबर आले. त्याने पाना पुसून पिशवीत ठेवला, चहा घेतला आणि गेला.

तो गेल्यावर मी माझा पाना काढला.

हे का केलं, ते नीट सांगायला हवं, कारण मूळ तिथं आहे. त्याच्यावर अविश्वास होता असं नाही. दुसऱ्याने आवळलेल्या नटावर आपला हात मारून बघायचा, ही अठरा वर्षांची सवय होती. पूर्वी मी साध्या पान्यानेही सांगू शकायचो की हा बरोबर आहे, हा थोडा कमी आहे. मनगटाला कळायचं. त्या रविवारी मी पाना लावला आणि मनगटाला काहीच कळलं नाही. नट घट्ट आहे की माझा हात कमी पडतोय, ते समजेना. दोन-तीनदा लावून बघितला. घाबरलो, असंच म्हणतो. म्हणून जुन्या नळाच्या पाइपचा हातभर तुकडा पान्याच्या दांड्यावर चढवला आणि त्यावर भार टाकला. नट करकरत थोडा फिरला. ते बघून बरं वाटलं. म्हणजे सैल होता, असं मी स्वतःला सांगितलं. डाव्या चाकाचे चारही नट मी असे आवळले. उजव्या बाजूला जाईपर्यंत दम लागला, म्हणून ती बाजू सोडली.

पान्याच्या दांड्याला पाइप लावून जोर वाढवणं म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. कंपनीत पाइप लावताना कोणी सापडला की मी त्याला पाइप घेऊन सुपरवायझरच्या टेबलापाशी उभा करायचो.

वर आणखी एक केलं. माझ्या ड्रॉवरमध्ये कंपनीतला एक पिवळा मार्कर शिल्लक होता. चारही नटांवर मी रेघा मारल्या. सही केली.

खंडेनवमीच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे हत्यारांची पूजा मांडली. पाटावर लाल कापड, त्यावर पाने, नटावर बसवायच्या पोकळ गोट्या, पकड, हातोडी, आणि गाडीच्या डिकीतला चाक खोलायचा एल-पानासुद्धा. सगळं रॉकेलने पुसून, हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. पूजेत मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. कारखान्यात त्या दिवशी लाइन बंद असायची. मशिनला हार घालून आम्ही पेढे खाऊन घरी यायचो. एवढ्या वर्षांत मी हा नेम मोडला नव्हता.

दहाच्या सुमाराला गाडी धुवायला खाली गेलो तर पुढचं डावं चाक बसलेलं. आदल्या दिवशी चाकणहून येताना खडीवरून गेलो होतो. टायरला बाजूने बोटभर चीर होती. बाजूची चीर म्हणजे पंक्चरवाल्याचं काम नव्हे, चाकच बदलायला हवं. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा, आणि दुपारी हिच्या भावाकडे चाकणला सोनं द्यायला जायचं ठरलेलं. चाक बदलणं म्हणजे पंधरा मिनिटांचं काम.

वर येऊन बायकोला सांगितलं. ती नैवेद्याची पानं वाढत होती. म्हणाली, “मग घ्या की त्यातला एक पाना. देव काय पाने मोजत बसलाय?”

“पूजेतला उचलत नाहीत.”

“मग उद्या दुपारी बदला.”

“पूजा काय बसक्या चाकाची करायची?”

ती पुन्हा पानांकडे वळली. मी शेजारच्यांकडून त्यांच्या गाडीचा एल-पाना मागून आणला. हे शेजारी म्हणजे आमचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची गाडी मोठी. माझ्या गाडीचा नट एकोणीस मिलिमीटरचा, त्यांचा पाना एकवीसचा. नटावर लावला तर गदगद हलत होता. अशा वेळी फटीत करवतीच्या मोडक्या पात्याचा तुकडा घालून पाना घट्ट करतात. ही युक्ती मी दुसऱ्यांना वापरू दिली नसती. मी पात्याचा तुकडा शोधून आणला.

नट सुटला नाही. पाना हाताने ढकलला, मग पायाने ढकलला, मग भिंतीला धरून पान्यावर उभा राहिलो. खट् झालं आणि मी खाली आलो. गुडघा फरशीवर आपटला. वाटलं, सुटला. वाकून बघितलं तर नट जागच्या जागी होता आणि त्याचे कोपरे गेले होते. सहा कोपऱ्यांच्या जागी गुळगुळीत, चकाकणारी गोलाई. पाना आता त्याच्यावर नुसता फिरत होता.

तेव्हा थांबायला हवं होतं. मी दुसऱ्या नटाला लावला. तोही गोल झाला.

सणाचा दिवस, सगळे घरी. एक जण गाडी धुता धुता आला, एक जण फुलं घेऊन जाताना थांबला. सेक्रेटरी सोवळ्यातच खाली आले, वर उपरणं. पाच-सहा जण जमले. माझे हात काळे, गुडघ्यावर रक्त, आणि मी चाकासमोर मांडी घालून बसलेला.

“काय राव, कंपनीत तीस वर्षं हेच करत होता ना?” फुलं घेऊन थांबलेला म्हणाला.

“अहो, ते आवळायचे. खोलायचं खातं वेगळं असतं,” दुसरा म्हणाला आणि सगळे हसले.

तो विनोद चांगला होता. दुसऱ्या कुणाबद्दल असता तर मीही हसलो असतो.

“थोडं रॉकेल सोडा.”

“रॉकेलने नाही होत हो, वरून गरम करायला पाहिजे.”

“छिन्नी लावून उलटी मारा.”

प्रत्येक जण एकेक सांगत होता आणि ते सगळं मला माहीत होतं. आणि त्यातलं एकही करायला माझ्याकडे त्या घटकेला हत्यार नव्हतं. सगळी हत्यारं दुसऱ्या मजल्यावर, माझ्याच घरात, फुलं लेवून बसली होती. मी उठून वर गेलो असतो तर सात मिनिटांत एकोणीसची गोटी घेऊन खाली आलो असतो. निदान उरलेले दोन तरी वाचले असते. मी उठलो नाही. आता उठणं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करणं, की पहिल्यांदाच उठायला हवं होतं.

सेक्रेटरींनी वाकून विचारलं, “पण हे एवढे घट्ट कसे बसले? मागच्याच रविवारी तुमचं काम झालं ना?”

मी म्हणालो, “गनने मारलेत. ही लोकं गनने ठोकून देतात. टॉर्कबिर्क काय कळतो त्यांना.”

वाक्य तोंडातून सहज गेलं. आधी ठरवलेलं नव्हतं. पण गेल्यावर पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. सगळ्यांचे चेहरे बदलले. मघाशी मला हसणारे आता माझ्या बाजूने झाले.

“बघा, आपण विश्वासाने देतो गाडी.”

“माझ्या गाडीचं पण बघायला पाहिजे मग.”

“साहेबांना कळलं म्हणून. आपल्याला काय कळणार होतं?”

गन कुठून आली, असं कोणी म्हणालं नाही. मी टॉर्कमधला माणूस. मी सांगितलं म्हणजे असणार.

आणि मग मी त्यालाच फोन केला. दुसरं कोण होतं? म्हणालो, “डाव्या चाकाचे दोन नट गोल झालेत. येतोस का?”

पलीकडून घंटीचा आवाज येत होता. “साहेब, हत्यारं पूजेत मांडलीत आत्ताच.” मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. “बरं. येतो.”

अर्ध्या तासात आला. नवा पांढरा शर्ट होता, तो काढून मोटारसायकलच्या आरशाला अडकवला. पिशवीतून गोट्या काढल्या. प्रत्येकीवर हळदकुंकवाचं बोट होतं. एका गोटीत झेंडूची पाकळी अडकली होती, ती त्याने फुंकर मारून काढली. बायको चहा घेऊन खाली आली होती. तिने त्या गोट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ट्रे ठेवून वर गेली.

तो चाकापाशी उकिडवा बसला. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडला. मी त्याच्या मागे उभा होतो, मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. पण टॉर्च कुठे थांबला ते दिसलं. न बिघडलेल्या दोन नटांवर माझ्या पिवळ्या रेघा शाबूत होत्या. नटावरून खाली पत्र्यापर्यंत, कंपनीत मारायचो तशाच.

त्या क्षणापर्यंत मला रेघांची आठवणच नव्हती.

त्याने टॉर्च बंद केला. मग पिशवीतून पेट्रोलची छोटी बाटली काढली, फडकं भिजवलं आणि सगळं चाक पुसायला लागला. ग्रीस पुसावं तसं. रेघा दोनदा घासल्यावर गेल्या.

मग त्याने काम केलं. चांगले दोन नट एकोणीसच्या गोटीने, टॉमीच्या लांब दांडीने हळूहळू सोडवले. गोल झालेल्यांवर अठराची गोटी ठेवून हातोडीने ठोकून बसवली, ती नटात रुतली, आणि मग टॉमीवर हळूहळू भार देत गेला. आधी करकर झाली. मग नट सुटला. दुसराही सुटला. मघाचे सहा लोक आता टाळ्या वाजवायचे बाकी होते.

सेक्रेटरी म्हणाले, “काय रे, गनने आवळले होतेस का?”

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी टायरच्या चिरेकडे बघत होतो. बोटाने ती चीर चाचपून बघत होतो, जणू ती आता फार महत्त्वाची होती.

“झालं असंल सर,” तो म्हणाला.

“अरे, असं करून कसं चालेल?”

“व्हय सर.”

त्याने पिशवीतलेच दोन नवे नट घालून डिकीतलं जादा चाक बसवलं. मला आश्चर्य वाटलं, टॉर्क पाना त्याने काढलाच नाही. साध्या पान्याने आवळलं. जाताना शर्ट घातला, बटणं लावली आणि गोल झालेले दोन्ही नट माझ्या हातात ठेवले. “ठेवा साहेब.” एवढंच.

नंतरच्या आठवड्यात कमिटीची सभा झाली. मीही कमिटीत होतो. सेक्रेटरींनी ठराव वाचून दाखवला. गन, प्रमाणाबाहेर, मनाई. वही फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मी सही केली. तेव्हा काय वाटलं ते आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. एवढंच आठवतं की पेन नीट चालत नव्हतं, म्हणून मी ते दोनदा झटकलं.

सांगेन सांगेन म्हणत राहिलो. पुढच्या सभेत सांगू. मग दिवाळी झाल्यावर सांगू. दर आठवड्याला ते सांगणं जड होत गेलं, कारण आता नट आवळल्याचं तर सांगावं लागलं असतंच, वर इतके दिवस गप्प का होतो तेही. शेजारच्या दोन सोसायट्यांतही ही गोष्ट गेली. तिथल्या ज्या गाड्या त्याच्याकडे होत्या त्याही सुटल्या असं ऐकलं. दीड-दोन वर्षांनी एकदा काळेवाडीवरून जात होतो तर त्याच्या शटरवर मोबाइल कव्हरच्या दुकानाची पाटी होती. फक्त आमच्यामुळे गॅरेज गेलं असं मी म्हणत नाही. भाडी वाढली, नव्या गाड्या लोक कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला नेतात. पण आमच्यामुळेही गेलं.

बायकोला मी गेल्या वर्षी सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं.”

“कसं?”

“पाइप घेऊन खाली जाताना बघितलं होतं तुम्हाला. मला वाटलं तुम्ही सांगाल.” मग पुढची जुडी ओढून, “त्याच्या हत्याराला कुंकू होतं हो.”

मग मी सेक्रेटरींकडे गेलो. अजून तेच सेक्रेटरी आहेत. दुसरं कोणी तयार होत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

“अहो, जाऊ द्या. किती वर्षं झाली.”

“वहीतलं बदलायला हवं.”

“मंजूर झालेल्या इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही.”

“मग नवा ठराव करा. मनाई उठवा.”

“कुणाची? आता आपण सगळ्यांनाच बंदी केलीय. पार्किंगमध्ये पाना दिसला की वॉचमन हटकतो.”

“निदान त्याची चूक नव्हती एवढं तरी.”

त्यांनी वही काढली, बोट ठेवून तो ठराव वाचला. त्यांना खरंच मदत करायची होती, असं मला वाटतं. म्हणाले, “यात नाव कुठंय? ‘सदर मेकॅनिक’ एवढंच आहे. नाव नसलेल्या माणसाची बदनामी होते कशी, सांगा बरं?”

मी खिशातून त्या गोल झालेल्या दोन नटांपैकी एक काढून टेबलावर ठेवला. त्याच्या बुडाशी, खाचेत, पिवळ्या रंगाचा ठिपका राहिलाय. पेट्रोलचं फडकं तिथं पोचलं नव्हतं. मी म्हणालो, “हा माझा मार्क. कंपनीतला.”

सेक्रेटरींनी नट हातात घेतला, उलटसुलट केला. “बरं. पण याच्यावरून काय कळतं?”

खरंच, दुसऱ्या कुणाला काय कळणार होतं. मी अर्ज लिहून दिला. तो फाइलला लागला. वार्षिक सभेत ‘इतर विषय’मध्ये घेऊ म्हणाले. सभा पाण्याच्या टँकरवरून तापली आणि इतर विषय आलेच नाहीत. मग मी एका कागदावर सगळं लिहून नोटीस बोर्डावर लावलं. दोन दिवस होतं. तिसऱ्या दिवशी त्याच टाचणीला लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस होती.

त्याचा पत्ता काळेवाडीतल्या गिरणीवाल्याकडून मिळाला. चाकणला, हमरस्त्यालगत, ट्रकच्या टायरचं काम करणाऱ्या एका मोठ्या शेडमध्ये कामाला होता. मालक दुसरा. मी गाडी घेऊन गेलो. तो एका ट्रेलरच्या चाकाशी वाकला होता, हातात हवेची गन. आता त्याच्याकडे गन होती. आवाजात त्याला मी आल्याचं कळलं नाही. गन थांबली तेव्हा त्याने बघितलं.

“साहेब! एवढ्या लांब कशाला आलाव?”

बाकावर बसवलं, चहा सांगितला. मी सगळं एका दमात सांगितलं. पाइपचं, रेघांचं, सहीचं. पाठ करून गेलो होतो. तो हात पुसत ऐकत होता.

“मला ठावं होतं की साहेब. पुसला नव्हता का मी मार्क.”

“तू बोलला का नाहीस? टॉर्क पाना दाखवायचास.”

“तो बाहेर काढला असता तर लोकांनी इचारलंच असतं, मग गन कुठाय म्हणून. एवढ्या माणसांत तुम्ही खाली बसलेलाव, गुडघा फुटलेला.” त्याने फडकं बाकावर टाकलं. “मला वाटलं, संध्याकाळी तुमचा फोन येईल. आठ दिवस फोन संगंच ठेवला. ठरावाचं कळलं तवा समजलं, येत नाही.”

चहा आला. मी कप बाकावर ठेवला.

“मी आता काय करू, सांग. कमिटीपुढं येतोस? मी सगळ्यांसमोर बोलतो.”

“नको साहेब. तिथं माझ्या गाड्या होत्या तवा बोलायचं होतं. आता मी रविवारी सुट्टी घेतो. झोपतो.” हे बोलताना तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. “चहा घ्या. थंड होतोय.”

मी चहा घेतला. तो उठून माझ्या गाडीपाशी गेला. हवा बघितली. मग आत जाऊन तो जुना टॉर्क पाना घेऊन आला, दांड्यावरचा रंग उडालेला. चारही चाकांना लावला. माझ्या सवयीने मी मोजलं. सोळा. उजव्या मागच्या चाकाचे दोन नट थोडे सैल होते, ते मला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक नटावर त्याने खिशातल्या मार्करने पांढरी रेघ मारली.

“सावकाश जावा,” म्हणाला. पलीकडे ट्रेलरवाला हाका मारत होता. तो गेला आणि गन पुन्हा सुरू झाली.

ठराव वहीत जसाच्या तसा आहे. तो बदलणार नाही, हे आता मला कळलंय. म्हणून हे इथं लिहिलं. नट मी आवळले होते. पाइप लावून.

परवा गाडी धुताना त्या पांढऱ्या रेघा दिसल्या. पाणी मारूनही गेल्या नव्हत्या. माझ्या हातात पाना होता, तो कधी घेतला ते कळलं नाही. मी तो परत वर नेऊन ठेवला.